कच्च्या लिंबाचे अंकगणित

लगोरी किंवा आट्यापाट्या खेळणाऱ्या मुलांच्या घोळक्यात एखादे धाकटे भावंड हटकून असते. वगळावे तर ते रडणार आणि बरोबरीने घ्यावे तर पहिल्याच डावात बाद होणार. तेव्हा त्याला 'कच्चे लिंबू' ठरवून खेळात घेतात. ते बाद होत नाही, पण ते जिंकतही नाही. गोल्फ या खेळाने कच्च्या लिंबाला जिंकण्याचाही हक्क दिला आणि त्यासाठी जे अंकगणित उभारले त्याला हँडिकॅप म्हणतात. महालक्ष्मीच्या शर्यतींमुळे हा शब्द आपल्याकडे अगदीच अपरिचित नाही. तेथे जोरकस घोड्याच्या पाठीवर जादा वजन लादतात, येथे दुबळ्या खेळाडूला फटक्यांची सूट देतात. तत्त्व एकच.

हिरवळीवरच्या या मूठभरांच्या खेळाशी शिक्षकाला वा कारकुनाला काय कर्तव्य, असे वाचकाच्या मनात येईल. शंका रास्त आहे. परंतु ज्यांना उत्तरपत्रिका तपासाव्या लागतात आणि ज्यांच्याविषयी दरवर्षी गोपनीय अहवाल लिहिले जातात, त्यांना रोज छळणारा एक प्रश्न या खेळाने उघडपणे, आकड्यांत मांडलेला आहे. माणसाची योग्यता त्याच्या सरासरीवरून ठरवावयाची, त्याच्या उत्तम दिवसावरून, की त्याच्या सर्वांत मोठ्या चुकीवरून?

गोल्फच्या मैदानात अठरा होल असतात. निष्णात खेळाडूला एकेका होलसाठी किती फटके पुरावेत हे ठरलेले असते. त्या आकड्याला पार म्हणतात. अठरा होलांचा पार बहुधा ७२ च्या आसपास असतो. ज्याला साधारणपणे नव्वद फटके लागतात त्याला ढोबळमानाने अठरांची सूट, म्हणजे प्रत्येक होलमागे एक. येथवर ही शाळकरी वजाबाकी आहे. घोटाळा होतो तो पुढे, कारण खेळ मोजण्याच्या मुख्य पद्धतीच तीन आहेत. स्ट्रोक प्लेमध्ये सगळ्या फटक्यांची बेरीज करतात. मॅच प्लेमध्ये प्रत्येक होल ही स्वतंत्र लढत असते. ती एका फटक्याने गमावली काय आणि पाच फटक्यांनी गमावली काय, सारखेच. तिसरी पद्धत स्टेबलफर्ड. तीत सूट वजा जाता पार साधला तर दोन गुण, एक फटका जादा लागला तर एक, दोन किंवा अधिक जादा लागले तर शून्य. पारपेक्षा एक फटका वाचवला तर तीन गुण मिळतात आणि पुढेही तसेच एकेकाने वाढत जातात.

आता अठरांची सूट असलेले दोन खेळाडू घेऊ. पहिल्याने सतरा होलांवर पारपेक्षा एकेक फटका जादा घेतला, परंतु चार पारच्या एका होलवर चेंडू वाळूच्या खड्ड्यात रुतला आणि त्याचे दहा फटके झाले. एकूण ९५. दुसऱ्याने चौदा होलांवर एकेक आणि चार होलांवर दोन-दोन फटके जादा घेतले. एकूण ९४. स्ट्रोक प्लेमध्ये दुसरा जिंकला. तेच दोन कागद स्टेबलफर्डने मोजा : पहिल्याचे सतरा होलांचे चौतीस गुण, दुसऱ्याचे अठ्ठावीस अधिक चार, म्हणजे बत्तीस. पहिला जिंकला. मॅच प्लेने मोजा : दुसऱ्याचे चार कच्चे होल पहिल्याच्या पदरात पडतात, पहिल्याचा एकच दुसऱ्याच्या. पुन्हा पहिलाच विजयी. मैदान तेच, फटके तेच. निकाल मात्र उलटा. कोण श्रेष्ठ हे खेळाने ठरले की मोजणाऱ्याने?

स्टेबलफर्ड पद्धतीचा जनक डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड हा इंग्लंडमधील शस्त्रवैद्य. सडलेला भाग कापून उरलेला देह वाचवणे हा ज्याचा व्यवसाय, त्याला ही युक्ती सुचावी यात मला तरी नवल वाटत नाही. १८९८ मध्ये वेल्समधील ग्लॅमॉर्गनशर क्लबात त्याने तिचा पहिला प्रयोग केला. ती रुजली मात्र लिव्हरपूलजवळच्या वॉलसी येथे. तेथे १६ मे १९३२ रोजी या पद्धतीची पहिली स्पर्धा झाली. वॉलसीचे मैदान आयरिश समुद्राच्या काठी आहे. समोरून वारा आला की साधारण खेळाडू एखाद्या होलवर हमखास कोसळतो आणि एकदा आठ-दहा फटके झाले की उरलेल्या होलांत त्याला रस राहत नाही. डॉक्टरने त्याला सांगितले, येथे शून्य घे, चेंडू उचल आणि पुढच्या होलकडे चल. खेळही त्यामुळे भराभर पुढे सरकू लागला.

बराच काळ ही केवळ स्पर्धेची सोय मानली गेली. हँडिकॅप ठरवण्याच्या रीती देशोदेशी वेगळ्या होत्या. २०२० पूर्वी जगात अशा सहा प्रमुख पद्धती नांदत होत्या. त्या वर्षी सेंट अँड्र्यूजची 'आर अँड ए' आणि अमेरिकेची गोल्फ असोसिएशन यांनी मिळून एकच जागतिक पद्धत आणली. भारतातही तीच चालते. तीत मैदानाच्या अवघडपणाचा हिशेब आहे. निष्णाताच्या मानाने सामान्य खेळाडूला मैदान किती जास्त जड जाते, यासाठी ५५ ते १५५ असे माप असून ११३ हे प्रमाण धरले आहे. परंतु खरा बदल दुसरीकडे आहे. हँडिकॅपसाठी कागद दाखल करताना कोणत्याही होलवर पार अधिक दोन अधिक त्या होलची सूट यापेक्षा जास्त फटके धरले जात नाहीत. स्टेबलफर्डमध्ये जेथे शून्य गुण सुरू होतात नेमकी तीच ही रेषा. वरच्या उदाहरणातील पहिल्या खेळाडूचे दहा फटके येथे सात होतात आणि त्याचे ९५ चे ९२. दुसऱ्याचे ९४ तसेच राहतात. वॉलसीच्या डॉक्टरची सोय अशा रीतीने साऱ्या जगाच्या मोजपट्टीत शिरली.

शिवाय, शेवटच्या वीस खेळांपैकी उत्तम आठ तेवढे निवडून त्यांची सरासरी काढतात. म्हणजे हँडिकॅप हा खेळाडूच्या रोजच्या खेळाचा आकडा नव्हे, तो त्याच्या चांगल्या दिवसांचा आकडा आहे. आपल्या हँडिकॅपइतका खेळ चार-पाच खेळांत एखादे वेळी झाला तर समाधान मानावे. २०१० साली आपल्या राज्यात दहावीचा निकाल सहापैकी उत्तम पाच विषयांवर काढण्याचे ठरले तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. गोल्फवाल्यांनी वीसपैकी बारा खेळ बाजूला ठेवले, आणि त्याला कारण आहे. सरासरी धरली तर मुद्दाम वाईट खेळून सूट वाढवणे सोपे होते. अशा लबाडाला इंग्लंडच्या क्लबांत बँडिट म्हणतात. चांगले आठ खेळ यादीत आहेत तोवर त्याला दोन-चार वाईट खेळांचा उपयोग नाही. वर्षातील आपल्या नीचांकापेक्षा त्याचा आकडा तीनने वाढला की पुढची वाढ निम्मीच धरतात, आणि पाचाच्या वर वाढूच देत नाहीत. याच्या उलट स्वभावाचेही लोक असतात. केवळ मिरवण्यासाठी ते आपला आकडा कमी ठेवतात आणि स्पर्धांत हरत राहतात. त्यांच्यासाठी नियमकर्त्यांनी फारशी तसदी घेतलेली नाही.

मॅच प्लेमध्ये अडचण निराळी. प्रतिस्पर्धी जवळचा चेंडू 'झाला' म्हणून सोडून देतो, कधी अख्खा होलच अर्ध्यात सोडला जातो. मग कागदावर किती लिहायचे? नियम म्हणतो, बहुधा जितके फटके लागले असते तितके. ते ठरवायचे कोणी, तर मुख्यतः ज्याचा हँडिकॅप ठरायचा त्यानेच! दोन-दोनांच्या जोडीत प्रत्येक होलवर जोडीतील चांगला खेळ तेवढा मोजतात. तेथे बेभरवशाच्या खेळाडूचे अपयश साथीदाराच्या आड लपते. म्हणून त्या प्रकारात स्ट्रोक प्लेला पंच्याऐंशी आणि मॅच प्लेला नव्वद टक्केच सूट द्यावी, अशी शिफारस नव्या पद्धतीबरोबर झाली. मोजण्याची रीत बदलली की त्याच माणसाची योग्यता किती बदलते, याची ही अधिकृत कबुलीच होय.

नव्या पद्धतीचे मी एकंदरीत स्वागतच करतो. तथापि एक अन्याय तीत राहून गेला आहे. वरच्या पहिल्या खेळाडूचे दहा फटके हँडिकॅपसाठी सात धरले जातात, म्हणून त्याला सूट कमी मिळते. तोच पुढच्या रविवारी स्ट्रोक प्लेच्या स्पर्धेत उतरला आणि पुन्हा वाळूत रुतला, तर तेथे मात्र दहाच्या दहा मोजले जातात. सूट देताना चूक विसरायची आणि बक्षीस देताना ती आठवायची, हा कोणता न्याय? राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धांत सूट नसते, तेथे प्रत्येक फटका मोजावा हे योग्यच. क्लबाच्या साध्या स्पर्धेत मात्र स्टेबलफर्ड ठेवावे. स्ट्रोक प्लेचाच आग्रह असेल तर २०१९ च्या नियमांनी कमाल फटक्यांची मर्यादा घालून खेळण्याची मुभा दिलेली आहे. ती मर्यादा हँडिकॅपच्याच रेषेवर ठेवण्यास स्पर्धा समितीला कोणाचीही आडकाठी नाही.