तिरंदाजाच्या कमरेला कोणतं हत्यार?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये तिरंदाज घडवणारे खेळाडू हातघाईसाठी अनेकदा यादीतलं सर्वांत मोठं हत्यार उचलतात. २०१४ च्या नियमांत ते म्हणजे ग्रेटसोर्ड, ६ पैलूंचे दोन फासे. पण ग्रेटसोर्ड स्ट्रेंग्थवर चालते आणि तिरंदाजाची सगळी पुंजी डेक्स्टेरिटीत असते. पहिल्या लेव्हलचा फायटर घेऊ: डेक्स्टेरिटी १६, स्ट्रेंग्थ १०, आर्चरी ही शैली, समोर आर्मर क्लास १५. क्रिटिकल हिट वगळून हिशेब केला तर ग्रेटसोर्डचा वार २० पैकी ८ वेळाच लागतो आणि दर वारामागे सरासरी २.८ डॅमेज होतं. रेपियर ‘फिनेस’ हत्यार असल्याने डेक्स्टेरिटीवर चालते. तिचा ८ पैलूंचा एकच फासा, पण वार २० पैकी ११ वेळा लागतो, डॅमेजमध्ये डेक्स्टेरिटीचे ३ मिळतात आणि सरासरी ४.१ वर पोचते. इतिहासातले तिरंदाज जड हत्यारं वापरत, हा आक्षेप खरा आहे. १४१५ मध्ये अ‍ॅजिनकोर्टला इंग्रज तिरंदाज तलवारी, कुऱ्हाडी आणि मोगऱ्या घेऊन चिखलात रुतलेल्या फ्रेंच योद्ध्यांवर तुटून पडले होते. मात्र त्यांची लांब धनुष्यं ओढायलाच प्रचंड ताकद लागे. या खेळात धनुष्याला स्ट्रेंग्थ लागत नाही, त्यामुळे तो दाखला इथे लागू पडत नाही.

दुसरा गैरसमज उलट टोकाचा: शत्रू भिडला तरी बाण सोडता येतोच, मग दुसरं हत्यार हवं कशाला? शत्रू ५ फुटांच्या आत असला की बाणाला डिसअ‍ॅडव्हान्टेज लागतो, दोन फाशांपैकी लहान आकडा धरावा लागतो. आपल्या फायटरची ६५ टक्के अचूकता ४२ टक्क्यांवर येते, सरासरी ३.२. म्हणजे ग्रेटसोर्डपेक्षा आणि ३.० देणाऱ्या खंजिरापेक्षाही धनुष्यच बरं. त्याला मागे टाकतात रेपियर आणि ३.६ देणारी शॉर्टसोर्ड. क्रॉसबो एक्स्पर्ट फीट घेतलं की हा डिसअ‍ॅडव्हान्टेज धनुष्यालाही लागत नाही, हे मान्य. तरीही शेजारून निसटून जादूगाराकडे धावणाऱ्या शत्रूवर अपॉर्च्युनिटी अटॅक करायचा तर हातघाईचं हत्यारच लागतं, आणि माझ्या मते रेपियर बाळगण्याचं हे सर्वांत भक्कम कारण आहे. त्यासाठी धनुष्य टाकून द्यायचीही गरज नाही. दोन हात लागतात ते बाण मारताना. नुसतं धरायला एक हात पुरतो आणि आपल्या पाळीत एक हत्यार उपसायला वेगळी अ‍ॅक्शन खर्चावी लागत नाही.

रेपियरची एक उणीव मात्र खरी आहे: बाणासारखीच तीही फक्त भोसकते. ट्रीएंटसारख्या वृक्षदैत्याला भोसकण्याचं डॅमेज निम्मंच लागतं. तिथे ६ पैलूंच्या फाशाची पण कापणारी सिमिटर सरस ठरते, आणि तीही फिनेस आहे. ऑकर जेलीवर मात्र ती चालवू नये. कापणाऱ्या वाराने त्या एका गोळ्याचे दोन होतात.