तोल सावरला, पण वेळ वाचला का?

१९८२ च्या फेब्रुवारी महिन्यात हवाई बेटावरील कैलुआ-कोना येथे आयर्नमॅन शर्यत अंतिम टप्प्यात आली होती. सुमारे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि त्यावर पूर्ण मॅरेथॉन, असे या शर्यतीचे स्वरूप. महिलांमध्ये ज्युली मॉस ही २३ वर्षांची विद्यार्थिनी आघाडीवर होती. अंतिम रेषा दृष्टिपथात आली असता तिचे पाय लटपटू लागले. ती कोसळली, उठली, पुन्हा कोसळली. तेवढ्यात कॅथलीन मॅकार्टनी तिच्या शेजारून पुढे निघून गेली. मॉस रांगत रांगत रेषेपर्यंत पोहोचली. दोघींतील अंतर होते अवघे २९ सेकंदांचे. दूरचित्रवाणीवरून हे दृश्य घरोघरी पोहोचले आणि त्यानंतर या खेळाकडे असंख्य हौशी माणसे वळली.

त्या दृश्यात धड हवे तेव्हा साथ देत नाही, तोल राहत नाही, हे कोणालाही दिसते. त्यामुळे धड बळकट केले आणि तोलाचा सराव केला तर ट्रायथलॉनमधील कामगिरी सुधारेल, हा विचार सहज पटण्यासारखा आहे. व्यायामशाळांतील मोठे फुगीर चेंडू आणि डगमगत्या फळ्या याच विचारावर उभ्या आहेत. नोकरी सांभाळून सराव करणाऱ्या माणसापाशी आठवड्याला जेमतेम आठ तास असतात. त्यांतील वीस-वीस मिनिटे दोनदा या व्यायामाला दिली, तर एकूण सरावाचा बारावा हिस्सा तिकडे गेला. एवढ्या गुंतवणुकीवर परतावा किती, हा प्रश्न म्हणूनच रास्त ठरतो.

प्रशिक्षक ज्याला ‘कोअर’ म्हणतात, तो म्हणजे धडाचा गाभा: पोटाचे पुढचे, बाजूचे व खोलवरचे स्नायू, पाठीच्या कण्यालगतचे स्नायू, वरचे श्वासपटल, खालचा ओटीपोटाचा तळ आणि कंबर व नितंबांभोवतीचे स्नायू. यांचे मुख्य काम हालचाल घडविणे हे नसून, हातपाय जोर लावीत असताना मधला भाग अवाजवी हलू न देणे हे आहे. दंड-बैठका आणि मल्लखांब पाहिलेल्या मराठी माणसाला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नसावी. गंमत अशी की, ‘स्विस बॉल’ म्हणून ओळखला जाणारा चेंडू प्रथम तयार झाला इटलीत. स्वित्झर्लंडमधील उपचारतज्ज्ञांनी तो रुग्णांसाठी वापरला, म्हणून अमेरिकेत त्याला हे नाव पडले. रुग्णाचे साधन पुढे खेळाडूचे साधन झाले.

ट्रायथलॉनच्या तिन्ही अंगांत या गाभ्याचे काम वेगवेगळे असते. पोहताना शरीर लांबट होडीसारखे सरळ राहावे लागते. कंबर ढिली पडली की पाय खाली जातात आणि पाण्याचा विरोध वाढतो. सायकलवर ओटीपोटाची हाडे खोगिरावर स्थिर असली, तरच पायांचा जोर सरळ पायट्यावर उतरतो. धावताना तर प्रत्येक पावलाला भार एकाच पायावर येतो. ५० मिनिटांत १० किलोमीटर धावणारा स्पर्धक मिनिटाला १७० पावले टाकीत असेल, तर ८,५०० वेळा त्याला एका पायावर कंबर सावरावी लागते, आणि तीही पोहून व सायकल चालवून थकल्यानंतर. तेव्हा तर्क भक्कम आहे. प्रश्न आहे तो पुराव्याचा.

ऑस्ट्रेलियातील स्टँटन, रीबर्न व हम्फ्रीज यांनी २००४ मध्ये १८ तरुण खेळाडूंवरील प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, चेंडूवरचे व्यायाम देण्यात आले. त्यांच्या धडाची स्थिरता निःसंशय वाढली. तथापि ठरावीक वेगाने धावताना खर्च होणारा प्राणवायू, म्हणजेच धावण्यातील काटकसर, होती तशीच राहिली. प्राणवायू घेण्याची कमाल क्षमताही वाढली नाही. थोडक्यात, चेंडूवरचा सराव करणारा चेंडूवर तरबेज झाला.

याच्या उलट २००९ मध्ये सातो व मोखा यांच्या अभ्यासात, सहा आठवडे गाभ्याचे व्यायाम करणाऱ्या धावकांची ५,००० मीटरची सरासरी वेळ २९ मिनिटे २९ सेकंदांवरून २८ मिनिटे ४२ सेकंदांवर आली. ४७ सेकंद ही हौशी धावकाला मोहात पाडणारी कमाई आहे. मात्र जमिनीवर पडणारा जोर आणि पायांची स्थिरता यांत या धावकांत काहीच फरक आढळला नाही. म्हणजे वेळ कमी झाली, पण कशामुळे, ते कळले नाही. शिवाय ज्या गटाशी तुलना केली, तो गट मुळातच वेगवान होता, आणि वेगवान माणसाकडे सुधारायला जागा कमी उरते. हा अभ्यास आधार म्हणून जरूर घ्यावा, पण त्यावर सगळी इमारत उभारू नये.

पोहण्यात चित्र जरा उजळ आहे. २० राष्ट्रीय दर्जाच्या कुमार जलतरणपटूंवरील २०१५ चा वेस्टन व सहकाऱ्यांचा अभ्यास सांगतो की, १२ आठवडे गाभ्याचे व्यायाम केलेल्यांचा ५० मीटरचा वेग सुमारे २ टक्क्यांनी सुधारला. ही झेप अर्ध्या मिनिटाच्या आत संपणाऱ्या शर्यतीतली. ऑलिंपिक अंतराच्या ट्रायथलॉनमधील १,५०० मीटरसाठी ती तशीच्या तशी उतरवून घेता येणार नाही.

सायकलीबाबतचा प्रयोग उलट्या बाजूने झाला, आणि तोच सर्वांत बोलका आहे. २००७ मध्ये ॲब्ट व सहकाऱ्यांनी १५ सायकलपटूंचे धड आधी मुद्दाम थकविले आणि मग त्यांना सायकल चालवायला लावली. पायट्यावरील जोरात लक्षणीय घट झाली नाही. मात्र गुडघे आतबाहेर अधिक हलू लागले. गाभा दमला की वेग लगेच ढळत नाही. आधी हालचालीची शिस्त ढळते आणि तिचा भार गुडघ्यावर पडतो. १८० किलोमीटरच्या अंतरात गुडघा असा किती हजार वेळा भरकटेल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

तोलाच्या सरावाची गोष्ट याहून थेट आहे. तोल हा कानाच्या आतील इंद्रिय, डोळे आणि स्नायू-सांध्यांतील संवेदना यांच्या मेळातून साधतो, आणि हा मेळ कामागणिक वेगळा असतो. २०१५ मध्ये जर्मनीतील कॉन्स्टान्झ येथील संशोधकांना आढळले की, एका साधनावर तोलाचा सराव केलेल्यांची प्रगती त्याच साधनापुरती राहिली. दुसऱ्या साधनावर ती दिसेना. मग डगमगत्या फळीवरून ती सायकलीवर कशी पोहोचावी? सायकलचा तोल मुख्यतः हँडलच्या बारीक वळणांनी सांभाळला जातो. तो वळणावर, वाऱ्यात आणि बाटली काढताना सायकलीवरच शिकावा लागतो. २०१९ मध्ये पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर आयर्नमॅन ७०.३ शर्यत सुरू झाली, तेव्हापासून समुद्रातून बाहेर पडताच भेलकांडणारे स्पर्धक आपल्याकडेही दिसू लागले. आडवे शरीर एकाएकी उभे राहिले की रक्तदाबाला सावरायला वेळ लागतो. त्यावर उपाय एकच: पाण्यातून उठून धावण्याचा सराव.

एका बाबतीत मात्र तोलाच्या फळीची उपयुक्तता नाकारता येत नाही. नेदरलँड्समधील व्हॉलीबॉल संघांवरील, व्हेरहागेन यांच्या नावाने २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्यांचा घोटा पूर्वी मुरगळला होता, अशा खेळाडूंमध्ये फळीवरील सरावाने तो पुन्हा मुरगळण्याचे प्रमाण घटले. दुखापतीतून उठणाऱ्या ट्रायथलीटने हे ध्यानी ठेवावे. ज्याला सहा आठवडे धावताच येत नाही, त्याची कामगिरी शून्य आहे.

कामगिरीच हवी असेल, तर याच वेळेचा एक दुसरा दावेदारही आहे. फ्रान्समध्ये मिये व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये १५ कसलेल्या ट्रायथलीटांपैकी एका गटाला १४ आठवडे, आठवड्यातून दोनदा, पायांसाठी जड वजनांचा व्यायाम दिला. त्यांची धावण्यातील काटकसर सुधारली. चेंडूवरच्या व्यायामाने जे साधले नव्हते, तेच इथे साधले. शिवाय जड वजन उचलून उभे राहताना धडाला आपोआप कामाला लागावे लागते.

म्हणून आठ तासांच्या आठवड्यातून ४० मिनिटे काढायचीच असतील, तर त्यांतली अर्धी जड वजनांना द्यावीत. उरलेल्या वीस मिनिटांत पालथे व कुशीवर शरीर फळीसारखे ताठ धरण्याचे साधे व्यायाम घरच्या सतरंजीवर होतात. चेंडू विकत घेण्याची गरज नाही. ही वीस मिनिटे पोहण्याच्या वेळेतून मात्र कापू नयेत. पाण्यात न उतरता पोहणे सुधारत नाही. आणि ज्युली मॉसचे म्हणाल, तर त्या संध्याकाळी तिच्या शरीरातील पाणी आणि इंधन संपले होते. तिथे कोणताही पोटाचा व्यायाम कामी आला नसता.