सांबरा विमानतळाची तिजोरी कुणाच्या हातात?

बेळगाव : सांबऱ्याहून एखादी विमानसेवा बंद झाली की लोक विमान कंपनीला बोल लावतात, नाहीतर खासदारांना. नवीन टर्मिनलची घोषणा झाली की श्रेय घ्यायला रांग लागते. पण विमानतळाचा जमाखर्च कुठे मांडला जातो, तिकिटातले किती पैसे विमानतळाला मिळतात आणि तोटा कोण सोसतो, यावर फारसं कुणी बोलत नाही. विमाने टिकणार की जाणार, हे बऱ्याच अंशी याच हिशेबावर ठरतं.

मालक कोण?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये ब्रिटिश हवाई दलाने सांबऱ्याची धावपट्टी बांधली. आज इथला नागरी विमानतळ भारतीय विमानतळ प्राधिकरण चालवतं. १ एप्रिल १९९५ रोजी दोन जुनी प्राधिकरणं एकत्र करून ही केंद्र सरकारची संस्था उभी राहिली. विस्तारासाठी कर्नाटक सरकारने ३७० एकर जमीन प्राधिकरणाला मोफत दिली. त्यावर धावपट्टी २,३०० मीटरची झाली आणि १४ सप्टेंबर २०१७ रोजी नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. त्यापुढच्या टर्मिनलची पायाभरणी १० मार्च २०२४ रोजी पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे केली.

बेळगाव विमानतळाची स्वतःची कंपनी नाही की संचालक मंडळ नाही. विमानतळ संचालक हे प्राधिकरणाचे अधिकारी. त्यांच्यावर चेन्नईचं विभागीय कार्यालय आणि त्यावर दिल्लीचं मुख्यालय. मोठ्या खर्चाला मंजुरी वरूनच येते. हिशेब कॅग तपासतं आणि अहवाल संसदेपुढे जातो. खासदारांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक सल्लागार समिती आहे, पण ती नावाप्रमाणे सल्ला देते. अंदाजपत्रक मंजूर करण्याचा अधिकार तिला नाही.

आजूबाजूला वेगवेगळे धनी

सीमाभागातल्या प्रवाशाला जवळचे विमानतळ बरेच आहेत, पण प्रत्येकाचा कारभार सारखा नाही. कोल्हापूरचं उजळाईवाडी प्राधिकरणाकडेच आहे, फक्त ते मुंबई विभागात येतं. सिंधुदुर्गातलं चिपी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळामार्फत आयआरबी कंपनीला दिलेलं. मोपा गोवा सरकारने जीएमआरला दिलेलं. २०२३ मध्ये सुरू झालेलं शिवमोग्गा मात्र कर्नाटक सरकार स्वतः चालवतं.

निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर आणि बेळगाव सुमारे ७५. निपाणीकराने यापैकी कुठूनही विमान पकडलं तरी विमानतळाचा पैसा एकाच प्राधिकरणाच्या खात्यात जातो. पण प्रवासी संख्या मात्र दोन वेगळ्या विमानतळांच्या नावावर लागते, आणि विमान कंपन्या तीच बघतात. मोप्याला गेला तर प्रवासीही गेला आणि पैसाही.

जमेची बाजू

विमाने वाढली म्हणजे विमानतळाची कमाई वाढली, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा. उतरण्याचं शुल्क विमानाच्या वजनावर लागतं. पण ८० पेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत प्रवासी विमानांना प्राधिकरणाच्या विमानतळांवर ते माफ आहे. बेळगावशी जोडलेल्या स्टार एअरची विमाने ५० आणि ७६ आसनांची, म्हणजे दोन्ही या माफीत बसतात. 'उडान' योजनेतल्या फेऱ्यांनाही उतरण्याचं आणि उभं राहण्याचं शुल्क नाही.

तिकिटातलं विमान सुरक्षा शुल्क एप्रिल २०२१ पासून देशांतर्गत प्रवासाला २०० रुपये आहे. तेही सुरक्षेच्या स्वतंत्र निधीत जातं. मग विमानतळाला उरतं काय? प्रवाशांकडून घेतलं जाणारं विमानतळ वापर शुल्क, दुकानांची भाडी, पार्किंग, जाहिराती. वर्षाला ३५ लाखांहून जास्त प्रवासी असलेल्या विमानतळांचे दर आर्थिक नियामक प्राधिकरण ठरवतं. २०१९ पर्यंत ही मर्यादा १५ लाख होती. बेळगाव त्याहून लहान, त्यामुळे इथला दर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडून ठरतो.

२०२१ मध्ये वैमानिक प्रशिक्षण संस्थांसाठी प्राधिकरणाने जे ५ विमानतळ निवडले, त्यात जळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारीबरोबर बेळगावही होतं. पण संस्था याव्यात म्हणून उत्पन्नातला हिस्सा घेण्याची अट प्राधिकरणाने आधीच काढून टाकली होती.

खर्चाची बाजू

धावपट्टीचे दिवे, अग्निशमन दल, नियंत्रण कक्ष, देखभाल. दिवसाला २ विमाने असोत की १०, हा खर्च फारसा कमी होत नाही. म्हणूनच लहान विमानतळ सहसा तोट्यात असतात.

हा तोटा मोठ्या विमानतळांच्या पैशातून भरून निघतो. २००६ मध्ये दिल्ली आणि मुंबई खासगी भागीदारांना देताना प्राधिकरणाने उत्पन्नाचा अनुक्रमे ४५.९९ आणि ३८.७ टक्के हिस्सा ठरवून घेतला. मंगळुरू अदानी समूहाकडे गेलं ते प्रति देशांतर्गत प्रवासी ११५ रुपयांच्या बोलीवर. थोडक्यात, एकत्र कुटुंबात कमावत्या भावांच्या जिवावर धाकट्याचं घर चालावं, तसा हा प्रकार.

पण कमावते भाऊ वेगळे निघू लागलेत. २०२१ मध्ये केंद्राने खासगी गुंतवणुकीसाठी २५ विमानतळांची यादी केली. त्यात हुबळी आहे, बेळगाव नाही. त्याच वर्षी कायदा बदलून विमानतळांचा गट करायलाही वाट मोकळी केली, म्हणजे कमावत्याबरोबर लहान विमानतळ जोडून देता येईल. बेळगाव पुढे कुणाच्या गटात बसवलं, तर दर आणि विस्तार ठरवणाराही बदलेल.

अनुदान संपल्यावर काय?

२०१८ चा धडा बेळगावकर विसरलेले नाहीत. हुबळीला 'उडान'च्या दुसऱ्या फेरीत जागा मिळाली, बेळगावला नाही. मे महिन्यात स्पाइसजेटने इथली विमाने हुबळीकडे वळवली. धावपट्टी तीच, टर्मिनल नवंकोरं, पण विमान नाही. जानेवारी २०१९ मध्ये तिसऱ्या फेरीत बेळगावचं नाव आलं आणि विमाने परतली.

या योजनेत ठराविक आसनं कमी दरात विकायची आणि तूट अनुदानातून भरून घ्यायची, अशी रचना आहे. अनुदानाचा २० टक्के भाग राज्य सरकार देतं आणि अशा विमानांच्या इंधनावरचा कर १ टक्क्यावर ठेवतं. मात्र एका मार्गाला अनुदान ३ वर्षांचंच. चिपीला तेच झालं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुदत संपली आणि अलायन्स एअरची मुंबई सेवा थांबली.

म्हणून नवीन टर्मिनल ही निम्मीच गोष्ट. इमारतीचा पैसा दिल्लीहून येईल, पण अनुदानाविना चालणारे मार्ग दिल्ली देऊ शकत नाही. इंधनावरचा कर बेंगळूरच्या हातात आहे. संसदेत प्रश्न विचारला की मंत्रालय विमानतळनिहाय नफातोटा देतं, तो प्रश्न विचारणं खासदारांच्या हातात आहे. आणि कुठला मार्ग अनुदानाविना चालतो, कुठल्याचं अनुदान कधी संपतं, दुकानं आणि पार्किंगमधून किती येतं, हा तक्ता सल्लागार समितीने प्रत्येक बैठकीत मागून घ्यायला काहीच हरकत नाही. सेवा बंद झाल्यावर निवेदन देण्यापेक्षा ते बरं.