संगणकावर हाताशी काय ठेवावे?

गेल्या पावसाळ्यात एका खेड्यातल्या शाळेत जाण्याचा योग आला. शाळा दोन खोल्यांची, मुले तीस-पस्तीस, आणि कपाटाशेजारच्या टेबलावर एक संगणक. बाहेर पाऊस धरलेला. वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. गुरुजींना चौथीच्या मुलांना ढग कसे बनतात याची छोटी फिल्म दाखवायची होती. संगणक सुरू झाला. पडद्यावर पाहतो तो बारीक बारीक चित्रांचा नुसता बाजार! कुणी खेळ टाकलेले, कुणी कसल्या याद्या, एकाच गोष्टीच्या तीन-तीन नकला. गुरुजी माऊस घेऊन शोधू लागले, आणि मुले मागे उभी राहून बोटे दाखवू लागली, "गुरुजी, तिकडं! वरती, वरती!" नेमके ठिकाण ठाऊक असलेला एक मुलगा होता म्हणे, पण तो त्या दिवशी लावणीला शेतावर गेलेला. फिल्म सापडेपर्यंत तासाची अठरा मिनिटे गेली. आणखी दोन मिनिटांनी वीज गेली.

गुरुजींना संगणक येत नव्हता असे नाही. मजकूर लिहिणे, तक्ते भरणे हे सारे ते उत्तम करतात. अडले होते ते उंबरठ्यावर. हवा तो प्रोग्रॅम चटकन उघडायचा कसा, ही गोष्ट इतकी किरकोळ वाटते की ती कुणी शिकवीत नाही. आणि रोजचा वेळ जातो तो तिच्यातच.

ही युक्ती संगणकाच्या जगातही एकदम सुचलेली नाही. १९८१ साली आलेल्या डॉस पद्धतीत पडदा काळा असे. प्रोग्रॅमचे नाव टंकावे आणि एंटर दाबावे, एवढेच. नाव चुकले की काम थांबले. पुढे १९८४ साली मॅकिन्टॉश आला आणि चित्रावर माऊस टेकवून काम सुरू करण्याची रीत घरोघर जाऊ लागली. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ बरोबर 'स्टार्ट' हे बटण आले. २०१२ साली विंडोज ८ मध्ये ते काढून टाकले. लोकांनी इतकी कुरकुर केली की वर्षभरातच ते परत आणावे लागले. माणसाला सवयीची जागा किती प्यारी असते, ते पाहा!

आता आपल्या स्वयंपाकघरात डोकावू. हळद, तिखट, मोहरी ही चुलीजवळ मिसळणाच्या डब्यात असतात. आठवड्याला लागणारे जिन्नस फडताळात, आणि दिवाळीचे झारे-सोऱ्या माळ्यावर. सगळेच ओट्यावर मांडले तर भाकरी थापायची कुठे? संगणकावरही अशाच तीन जागा असतात. पडद्याच्या खालची पट्टी, म्हणजे टास्कबार, हा मिसळणाचा डबा. स्टार्टमधली यादी हे फडताळ. आणि मोकळा पडदा, ज्याला डेस्कटॉप म्हणतात, तो ओटा. आपण बहुतेकजण करतो काय, तर डबा रिकामा ठेवून ओट्यावर ढीग रचतो.

ओट्यावरच्या चित्रांना आणखी एक अडचण आहे. एखादा प्रोग्रॅम उघडला की तो पडदाभर पसरतो आणि चित्रे त्याखाली झाकली जातात. विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि 'डी' ही दोन्ही एकदम दाबली की पडदा मोकळा होतो, हे खरे. पण दर वेळी पाट उचलून खालची वाटी काढायची कशाला? खालची पट्टी मात्र सहसा डोळ्यांसमोरच असते.

रोजचा प्रोग्रॅम पट्टीवर बसवणे अगदी सोपे आहे. तो एकदा उघडा. पट्टीवर त्याचे चित्र येईल. त्यावर माऊसचे उजवे बटण दाबा आणि 'पिन टू टास्कबार' निवडा. झाले! आता प्रोग्रॅम बंद केला तरी चित्र तिथेच राहील. पण हात आवरता ठेवा. चार, फार तर सहा. पट्टीवर वीस चित्रे बसवली की पुन्हा बाजारच.

या पट्टीची एक खुबी फार थोड्यांना माहीत असते. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, विंडोज कळ दाबून धरून १ हा आकडा दाबला की पट्टीवर बसवलेला पहिला प्रोग्रॅम उघडतो; २ दाबला की दुसरा. माऊस बिघडला, उंदराने वायर कुरतडली, तरी तास अडत नाही. आणि वर्गाला शिकवायला हे सोपे. "डावीकडून तिसरं चित्र, थोडं निळसर" असे सांगण्यापेक्षा "विंडोज आणि तीन" म्हणावे. शेवटच्या बाकावरच्या मुलीलाही ऐकू जाते.

जागा ठरलेली का असावी, याला शास्त्राचाही आधार आहे. पॉल फिट्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली एक साधा प्रयोग केला. धातूच्या दोन पट्ट्या ठेवल्या आणि हातातल्या काडीने आळीपाळीने दोन्हींना स्पर्श करायला लोकांना सांगितले. पट्ट्या जितक्या दूर आणि जितक्या अरुंद, तितका वेळ अधिक लागला. आपल्याला हे उघडच वाटेल. पण त्याने तो वेळ गणिताच्या सूत्रात बसवला, आणि १९७८ साली झेरॉक्स कंपनीच्या संशोधकांना माऊसलाही तेच सूत्र लागू पडते असे आढळले. त्यातून एक मजेदार गोष्ट निघते. माऊसचा बाण पडद्याच्या कडेपलीकडे जात नाही. कितीही जोरात ढकला, तो कडेलाच टेकतो. म्हणून कडेची आणि विशेषतः कोपऱ्याची जागा नेम न धरताही सापडते. ज्यांचा हात कापतो, ज्यांनी माऊस पहिल्यांदाच धरला आहे, त्यांना कोपरा फार सोयीचा.

म्हणूनच २०२१ साली विंडोज ११ मध्ये स्टार्ट बटण कोपऱ्यातून उचलून पट्टीच्या मध्यावर नेले, ते मला काही पटले नाही. मध्यावरच्या चित्रांचे असे होते की नवा प्रोग्रॅम उघडला की सगळी रांग थोडी सरकते. मघाशी जिथे बोट दाखवले तिथे आता दुसरेच चित्र. सुदैवाने यावर उपाय आहे. पट्टीवर मोकळ्या जागी उजवे बटण दाबा, 'टास्कबार सेटिंग्ज' उघडा, आणि मांडणी डावीकडे करा. शाळेच्या संगणकावर हे पहिल्याच दिवशी करावे.

मग उरलेल्या पन्नास प्रोग्रॅमांचे काय? ते शोधूच नयेत. त्यांना नावाने हाक मारावी. विंडोज कळ एकदाच दाबून सोडा आणि सरळ टंकू लागा. गणकयंत्र हवे असेल तर सी, ए, एल ही तीन अक्षरे पुरतात. यादीत कॅल्क्युलेटर वर येतो, एंटर दाबा. मात्र एंटरची घाई नको. कधी कधी इंटरनेटवरची भलतीच गोष्ट यादीत पहिली येते. नाव वाचावे, मग कळ दाबावी. लिनक्स असलेल्या पुष्कळ संगणकांवरही तीच कळ दाबून नाव टंकता येते, आणि मॅकवर कमांड व स्पेस या कळा दाबाव्या लागतात. म्हणजे पाहा, डॉसच्या काळातली नाव टंकण्याची रीत फिरून परत आली. फक्त आता अर्धे नाव चालते.

इथे आपल्या मराठी माणसांची एक खास फसगत होते, ती सांगून ठेवतो. कळफलक मराठीवर ठेवलेला असला, तर सी-ए-एल दाबल्यावर देवनागरी अक्षरे उमटतात आणि संगणक म्हणतो, काही सापडले नाही. माणूस घाबरतो, प्रोग्रॅम पुसला गेला की काय! काही गेलेले नसते. विंडोज कळ आणि स्पेस दाबून कळफलक इंग्रजीवर आणा आणि पुन्हा टंका.

पडद्यावरचा ढीग काढून टाकायला पुष्कळजण भितात, तेही सांगायला हवे. ज्या चित्राच्या कोपऱ्यात छोटा वळलेला बाण असतो ते केवळ दाराची पाटी आहे. पाटी काढली म्हणून घर पडत नाही. प्रोग्रॅम जागच्या जागी राहतो. ज्यावर बाण नाही ती मात्र खरी वस्तू असू शकते, मुलांच्या निकालाचा तक्तासुद्धा! तिला हात लावण्याआधी उघडून पाहावे. ठेवायच्या पाट्यांना मराठी नाव द्यायला हरकत नाही: चित्र निवडून एफ-२ दाबा आणि 'हजेरी' किंवा 'चौथी विज्ञान' असे लिहा.

संगणक सुरू होताच प्रोग्रॅम आपोआप उघडावा, अशीही सोय आहे. ती एखाद्याच प्रोग्रॅमला द्यावी. दहा जणांना दिली तर जुना संगणक सकाळी उठायलाच उशीर करतो.

गुरुजींची बदली होते, ग्रामपंचायतीतला संगणकचालक सोडून जातो, आणि मांडणीचे ज्ञान त्याच्याबरोबर निघून जाते. म्हणून मांडणी कुणा एकाच्या डोक्यात राहू देऊ नका. कोणत्या आकड्याला काय उघडते, कळफलक कसा बदलायचा, अशा पाच-सहा ओळी कागदावर लिहून टेबलाशेजारी भिंतीला चिकटवा.

त्या शाळेत आम्ही पाऊस ओसरेपर्यंत बसून हे सारे केले. पट्टीवर चारच चित्रे ठेवली, बाकी आवरले. भिंतीवरचा कागद चौथीतल्या एका मुलीने लिहिला. फिल्म दाखवणारा प्रोग्रॅम तीन आकड्यावर आहे. त्याचे इंग्रजी नाव तिने लिहिलेच नाही. "विंडोज आणि ३ : ढग" असे तिथे लिहिलेले आहे.