दीर्घिकांचा हिशेब मांडणारी बीट्रिस

लांबचा दिवा मिणमिणता दिसतो. पण तो दिवाच मुळात झिरोचा असेल तर? साठच्या दशकात शास्त्रज्ञ विश्वाचा विस्तार मोजत होते, ते अशाच अंदाजावर. मोठ्या दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह, सर्व काळात सारख्याच उजळ असतात, असं धरून चालत. न्यूझीलंडमध्ये वाढलेल्या बीट्रिस टिन्स्लेने म्हटलं, असं कसं? तारे जन्मतात, म्हातारे होतात, विझतात. मग दीर्घिका तशीच कशी राहील?

नुसतं म्हणून ती थांबली नाही, तिने कॉम्प्युटर प्रोग्राम लिहिला. गावाची जन्ममृत्यूची नोंदवही असते ना, तसाच प्रकार. वायू किती, त्यातून केव्हा किती तारे जन्मले, कुठला तारा किती जगेल, कुठल्या रंगाने चमकेल, याची टप्प्याटप्प्याने बेरीज. अब्जावधी वर्षांचा हिशेब! उत्तर आलं, दीर्घिकेचं तेज आणि रंग दोन्ही बदलतात. म्हणजे विश्वाची आधीची मोजमापं पुन्हा तपासायला हवीत. ॲलन सँडेजसारख्या दिग्गजाला हे पटेना. आज जेम्स वेब दुर्बिणीला दिसणाऱ्या दीर्घिकांचं वय काढणारी सॉफ्टवेअर याच पद्धतीच्या वाटेने जातात.

हे सगळं कुठे बसून? 1963 मध्ये नवऱ्याच्या नोकरीसाठी ती अमेरिकेत, डॅलसला आली. पीएच.डी. ऑस्टिनला, सुमारे तीनशे किलोमीटरवर. ये-जा करत तिने 1966 मध्ये प्रबंध पुरा केला. घरात दत्तक घेतलेली दोन मुलं. डॅलसच्या विद्यापीठाने तिच्याकडून खगोलशास्त्र विभागाचा आराखडा करून घेतला. विभागप्रमुखपदासाठी तिने अर्ज केला, तर त्याला साधं उत्तरही नाही!

1974 मध्ये घटस्फोट झाला. मुलं वडिलांकडे राहिली, ती येल विद्यापीठात गेली. ‘मुलांना सोडून गेली’ हे तिच्याबद्दल हमखास सांगितलं जातं. नवऱ्यापायी तिने देश सोडला, त्याचं मात्र कुणाला विशेष वाटत नाही. 1978 मध्ये ती येलमधली खगोलशास्त्राची पहिली महिला प्रोफेसर झाली. त्याच वर्षी त्वचेचा कॅन्सर निघाला.

उजवा हात चालेना, तेव्हा ती डाव्या हाताने लिहायला शिकली. शेवटचा शोधनिबंध पाठवल्यावर दहाच दिवसांनी, 23 मार्च 1981 रोजी, ती गेली. वय अवघं चाळीस. निबंध नोव्हेंबरमध्ये छापून आला, एकही दुरुस्ती न होता.