डोळे आणि कान, दोन्ही अधू झाल्यावर

वय वाढलं की नजर मंदावते, ऐकूही कमी येतं, आणि घरचे त्याला म्हातारपण म्हणून सोडून देतात. पण कमी ऐकणारा माणूस समोरच्याच्या ओठांवरून शब्द ओळखत असतो, कमी दिसणारा आवाजाच्या अंदाजानं वावरत असतो. दोन्ही अधू झालं की हा आधारच जातो. वेगवेगळे पाहिले तर दोष किरकोळ वाटतील. एकत्र आले की अडचण मोठी होते.

इंग्लंडमध्ये कायद्यानं हे ओळखलं आहे, आणि ते फार मोलाचं आहे. २०१४ च्या केअर ॲक्टखालील नियमांनुसार अशा प्रौढांच्या गरजांची पाहणी या विषयाचं खास प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीनंच करायची असते. स्थानिक काउन्सिल ती मोफत करते. ही डॉक्टरी तपासणी नव्हे. जाणकार असेसर खिडकीकडे पाठ करून बसत नाही, कारण मागून उजेड आला की चेहरा काळपट दिसतो. टीव्ही बंद करायला सांगतो. मग विचारतो: दारावर कोण आलंय ते कसं कळतं? औषधाच्या बाटलीवरचं कोण वाचून देतं? एकट्यानं रस्ता ओलांडता येतो का? काहींशी तळहातावर अक्षरं गिरवूनच बोलावं लागतं. त्यात वेळ जातो, माणूस थकतो. घाईनं उरकलेल्या पाहणीत निम्म्या गरजा सुटतात.

गरज ठरल्यास बाहेर सोबत करणारा प्रशिक्षित मदतनीस मिळू शकतो. तुमचे आईवडील इंग्लंडमध्ये राहत असतील, तर काउन्सिलकडे ‘डेफब्लाइंड असेसमेंट’ अशा स्पष्ट शब्दांत मागणी करा.