निकाल लागला, आता जाळं सगळ्यांनी मिळून ओढूया



निवडणूक झाली, मतमोजणी झाली, बॅनर उतरले. कोण आलं आणि कोण पडलं हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावर आम्ही इथं एक अक्षर लिहिणार नाही. आमच्या सोसायटीत सगळ्याच पक्षांची माणसं आहेत आणि तशीच असायला हवीत. आम्हाला लिहायचंय ते निकालानंतर जेटीवर जे चाललंय त्याबद्दल.

गेल्या पंधरा दिवसांत ऑफिसात तीन गोष्टी आल्या. नावं सांगत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

पहिली. दोन भावांची भागीतली होडी चार दिवस बांधून राहिली. एक भाऊ एका उमेदवाराचा, दुसरा दुसऱ्याचा. त्या होडीवरचे खलाशी ओडिशातले. त्यांचं मतसुद्धा इथं नाही. भांडण घरच्यांचं आणि चार दिवसांची कमाई बुडाली ती त्या पोरांची.

दुसरी. मासळी विकणारी एक बाई प्रचारफेरीत चालली म्हणून, इतकी वर्षं तिची पाटी भरणाऱ्या होडीने तिला मासळी द्यायची बंद केली. ती बाजारात जाऊन दुसऱ्याकडून चढ्या भावाने बांगडे घेते आणि विकते. त्या होडीवाल्याचं काय भलं झालं? त्याचं रोखीचं, भरवशाचं गिऱ्हाईक गेलं.

तिसरी गोष्ट जास्त काळजीची. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आम्ही सोसाट्याच्या वाऱ्याचा इशारा टाकला होता. त्याच्यावर निकालाचे फोटो, टोमणे, उत्तरं असे पन्नासेक मेसेज पडले आणि इशारा खाली गेला. दोघा-तिघांनी वैतागून ग्रुप आधीच म्यूट केला होता, त्यांना तो दिसलाच नाही. सगळे सुखरूप परत आले, देवाची कृपा. पण दर वेळी तसं होईलच असं नाही.

आपल्या गोव्याने याहून मोठी फूट बघितली आहे. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की संघप्रदेश ठेवायचा, हा प्रश्न होता. विलीनीकरणाची निशाणी फूल, संघप्रदेशाची दोन पानं. पेडण्याकडे फुलाचा जोर, सासष्टीत दोन पानांचा. भाषा, धर्म, जमीन, सगळंच त्या एका प्रश्नात गुंतलेलं होतं. आजच्या पंचायतीच्या किंवा विधानसभेच्या भांडणापेक्षा ते कितीतरी खोल होतं.

निकाल लागला तेव्हा संघप्रदेशाला १,७२,१९१ मतं आणि विलीनीकरणाला १,३८,१७० मतं होती. फरक ३४,०२१ चा. विलीनीकरण मागणारे भाऊसाहेब बांदोडकर हरले. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून त्यांच्या मंत्रिमंडळाने आधीच, डिसेंबर १९६६ मध्ये, राजीनामा दिला होता.

पुढचं बघा. दोन-अडीच महिन्यांत, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली. त्याच गोव्याने ३० पैकी १६ जागा भाऊसाहेबांच्या मगो पक्षाला दिल्या आणि ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. दोन पानांच्या बाजूचे पुढारी डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाला १२ जागा मिळाल्या. ज्या दोन बाजू जानेवारीत एकमेकांसमोर उभ्या होत्या, त्या एकाच सभागृहात बसून गोव्याचा कारभार करू लागल्या. कौलात हरलेल्यांनी तो निकाल मानला, आणि लोकांनीही एका प्रश्नावर पटलं नाही म्हणून माणूस कायमचा टाकून दिला नाही. एवढं आपल्या आधीच्या पिढीला जमलं होतं.

आता आपल्या धंद्याकडे या. रापण ओढायला चाळीस-पन्नास माणसं लागतात. दोराच्या दोन्ही टोकांना हात सारखे पडले नाहीत तर जाळं वाकडं येतं आणि मासळी निसटते. सत्तरच्या दशकात रापणकार रस्त्यावर उतरले तेव्हा त्यांच्यात हिंदू होते, ख्रिस्ती होते, फुलवाले होते, दोन पानंवालेही होते. त्या लढ्यानंतर १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. त्या कायद्यावर आजही रापणकार आणि ट्रॉलर मालक यांचं एकमत नाही. दोघेही आमचे सभासद आहेत आणि दोघेही सर्वसाधारण सभेत एकाच खोलीत बसून भांडतात. त्यात आम्हाला वावगं वाटत नाही. भांडून झाल्यावर चहा एकत्र घेतात, तेवढं टिकायला हवं.

डिझेलवरच्या व्हॅटची परतफेड मागताना अर्जात पक्षाचा रकाना नसतो. एलईडी मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी रात्री दिवे दिसतात अशी तक्रार करायला आपल्याला एकत्रच जावं लागतं. आपण दोन तुकड्यांत गेलो तर समोरचा अधिकारी दोघांनाही चहा पाजून परत पाठवतो.

एक गोष्ट स्पष्ट करतो. सलोखा म्हणजे तोंड बंद ठेवणं नव्हे. जो निवडून आला त्याला जेटीच्या दुरुस्तीचं, गाळाचं, बर्फाच्या दराचं विचारायलाच हवं. त्याला मत दिलेल्यांनी तर आधी विचारायला हवं. टीका कामावर करा. माणसाच्या आईबापावर, जातीवर, देवावर जाऊ नका.

दुसरं, 'आपल्या वाड्यावरून मतं फुटली' म्हणून कोणाकडे बोट दाखवू नका. बूथवर किती मतं कोणाला पडली ते कळतं. कोणी कोणाला दिलं ते कळत नाही, आणि कळू नये म्हणूनच मतदान गुप्त आहे. अंदाजावर शेजाऱ्याशी वैर धरलं तर कदाचित आपल्याच माणसाशी धराल.

व्यवस्थापक मंडळाच्या बैठकीत खालील गोष्टी ठरल्या. सर्वांनी पाळाव्यात ही विनंती.

१. ग्रुपवर फक्त हवामान, भाव, डिझेल, बर्फ, सरकारी योजना आणि मदतीची हाक एवढंच. राजकारणाचा मेसेज पडला तर तो काढला जाईल, मग तो कोणाचाही असो, अगदी संचालकाचाही.

२. इंजिन बंद पडलेल्या होडीला दोर टाकायचा. आधी दोर, मग विचारपूस. झेंडा कुठला ते विचारायचंच नाही.

३. जेटीवर, लिलावाच्या जागेवर आणि सोसायटीच्या ऑफिसात पक्षाचे झेंडे, स्टिकर लावायचे नाहीत.

४. मतावरून मासळी, बर्फ किंवा काम नाकारलं अशी तक्रार आली तर दोन्ही बाजूंच्या एकेका संचालकाला घेऊन आम्ही घरी येऊन बोलू. लगेच नोटीस काढणार नाही.

वर सांगितलेल्या दोन भावांची होडी परवा पहाटे बाहेर पडली. एकमेकांशी अजून धड बोलत नाहीत असं ऐकतो. हरकत नाही. एक सुकाणूवर होता आणि दुसरा जाळ्यावर, एवढं आम्हाला पुरे आहे. त्या बाईच्या पाटीचं मात्र अजून व्हायचं आहे. संबंधित होडीमालकांनी हे वाचलं असेल तर उद्या सकाळच्या लिलावाला तिला हाक मारावी, ही आमची हात जोडून विनंती.

ग्रुप म्यूट केला असेल तर आजच सुरू करा. वाऱ्याचा इशारा कधीही येऊ शकतो.

आपला,
सचिव, व्यवस्थापक मंडळाच्या वतीने